अंधेरीहून परमुलखात

अंधेरी स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि एकेक गोष्ट मागे सारत चला. मेट्रोचे खांब काढा. हमरस्ता काढा. 1928 मध्ये धावू लागलेल्या विजेच्या गाड्या काढा, 1864 मध्ये मुंबईला भिडलेले लोखंडी रूळही उखडा. तिथून आणखी शंभर वर्षं मागे या.

आता पायाखाली भाताची कोरडी खाचरं आहेत. कापणी होऊन महिने लोटलेत, ठिकठिकाणी राब भाजायला घेतलाय आणि त्याचा धूर जमिनीलगत पसरलाय. आंब्यांना बारीक कैऱ्या धरल्यात. दूर टेकडीच्या आडून, मरोळच्या बाजूने, पोर्तुगीजांच्या वेळच्या चर्चची घंटा ऐकू येते. 1764 चा मार्च नुकताच लागलाय. उद्या महाशिवरात्र.

तुम्ही बारा वर्षांचे आहात, आणि आज घरातले सगळे परमुलूख पाहायला निघालेत. त्या परमुलखाचं नाव मुंबई.

हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावर उभा आहे. तुमचं गाव साष्टीत आहे, आणि साष्टी पेशव्यांची. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि वांद्र्यापासून वर घोडबंदरपर्यंतचं सारं बेट पुण्याच्या अमलाखाली आलं. गादीवर आता माधवराव आहेत, वय अवघं एकोणीस. खाडीपलीकडची मुंबई मात्र इंग्रजांच्या कंपनीची. त्यांच्या राजाने ती 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलेली. म्हणजे अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली एका राज्यात आणि माहीम, परळ, गिरगाव दुसऱ्या राज्यात. मधे एक खाडी.

आई पहाटेच उठलीय. तिच्या टोपलीत वांगी, पालेभाजी, रताळी. आबांच्या काठीला पाय बांधलेल्या कोंबड्या उलट्या लटकल्यात. प्रवासाचा खर्च यातूनच निघायचा. मुंबईत माड आणि भात यांखेरीज फारसं काही पिकत नाही. भाजी, कोंबड्या, बकरी, जळाऊ लाकूड, सगळं साष्टीतून जातं. साष्टीचे नाके बंद झाले की मुंबईच्या चुली थंडावतात, हे इंग्रजांनाही ठाऊक आहे आणि ठाण्याच्या सुभ्यालाही.

आजी पुढे चालते. साठी ओलांडलेली बाई, पण वाट तिच्या पायांना पाठ आहे. तिची तरुणपणाची वर्षं पोर्तुगीज अमलात गेली. त्या काळी उघडपणे देवकार्य करायचं म्हणजे छातीवर दगड ठेवून करायचं. तुम्हाला ती गोष्टी सांगत नाही, नुसती मधेच एखाद्या झाडापाशी थांबते, हात जोडते आणि पुढे निघते. तिथे काय होतं ते विचारू नका. तिची इच्छा असेल तर संध्याकाळी सांगेल.

तीनेक कोस चालल्यावर वांद्रे येतं. डोंगरावर माउंट मेरीचं देऊळ नवं कोरं दिसतं, लढाईच्या धामधुमीत पडलेलं, 1761 मध्ये पुन्हा उभारलेलं. पुढे टोकावर किल्ल्याच्या भिंती ढासळलेल्या आहेत. त्या मराठ्यांच्या तोफांनी पडलेल्या नाहीत. वसईची लढाई चालू असताना इंग्रजांच्या सांगण्यावरून वांद्र्याची तटबंदी पाडून टाकली गेली, कारण ती मराठ्यांच्या हाती पडली असती तर तिथून माहीम थेट माऱ्यात आलं असतं.

खाडीच्या काठाला या. अमावास्या जवळ आलीय, म्हणून भरतीला जोर आहे. होडीत माणसं, बोचकी, एक बकरी आणि ताडीची मडकी. नावाडी वाऱ्याचा अंदाज घेतो आणि मगच होडी सोडतो. इथे होड्या उलटतात, माणसं जातात, आणि पुढची ऐंशी वर्षं जात राहणार आहेत. 1845 मध्ये अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या 1,57,000 रुपयांतून माहीमचा बांध होईल, तेव्हा कुठे ही भीती सरेल. आज आई तुमच्या धाकट्या भावाचं मनगट घट्ट धरून बसलीय आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटतेय.

समोर माहीमचा किल्ला जवळ येतो. तोफांची तोंडं मोजू नका, फक्त त्यांची दिशा पाहा. ती उत्तरेकडे वळलेली आहेत. तुम्ही आत्ता जिकडून आलात तिकडे.

काठावर उतरलात की पहिल्यांदा नाकाला कळतं की आपण दुसरीकडे आलो. माडांच्या मुळाशी इथे बारीक मासळीचं खत घालतात, आणि ऊन चढलं की ती कुजकी घाण अख्ख्या माहीमभर दाटते. धाकटा नाक दाबतो. आजी म्हणते, "याच माडांवर हे बेट जगतं बाळा, श्वास घे नि चाल."

चौकीवर कंपनीचा शिपाई. आई-बाप कोण, कुठले, याचा अंदाज लागू नये असा चेहरा, डोक्याला टोपी, हातात बंदूक. तोपास म्हणतात यांना, पोर्तुगीज नावं लावणारे इथलेच लोक. तो मोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारतो, कुठून, कशाला. आबांना उत्तर जुळवता येत नाही. आजी पुढे होते आणि त्याच मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगते, साष्टीतून, शिवरात्रीला, वाळकेश्वरी. ज्यांच्या अमलात तिने देव लपवून ठेवले, त्यांचीच भाषा आज तिच्या तोंडून सहज येते. शिपाई तिच्याकडे नीट बघतो आणि वाट सोडतो. जकातवाला मात्र कोंबड्या मोजतो.

बाजारात आई टोपली रिकामी करते. हातात येतात ते पैसे वेगळे आहेत. तांब्याच्या पैशावर मुकुट कोरलाय. चांदीचा रुपया मुंबईच्याच टाकसाळीतला, पण त्यावर फारसीत दिल्लीच्या बादशहाचं नाव. शिवाय हिशेब रेसांत, चारशे रेसांचा एक रुपया. आपल्याकडची नाणी सराफ घेतो, पण बट्टा कापून. आबा दोनदा हिशेब करतात, तिसऱ्यांदा तुम्हाला करायला लावतात. मखदूम फकीह अली माहिमींच्या दर्ग्यासमोरून जाताना आजी पदर डोक्यावरून नीट ओढते आणि उंबऱ्याला हात लावते. साडेतीनशे वर्षांमागचा हा संत इथे कोणालाच परका नाही.

माहीम ते गिरगाव वाट लांब आहे, त्यातली बरीचशी माडांच्या सावलीतली. प्रभादेवीचं देऊळ वाटेत लागतं. पुढे भायखळ्याकडची जमीन सखल आहे. वरळीजवळच्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरतं आणि खाजण करून सोडतं. बेट एक नाही, तुकड्यातुकड्यांचं आहे, हे चालतानाच कळतं. मामाच्या घरी पोहोचता तेव्हा अंधार पडलेला असतो. मामा कंपनीच्या गोदीत सुतार आहे. तो दारातच आईला म्हणतो, "ताई, किती गं वाळलीस?" आणि आई पहिल्यांदाच हसते.

सकाळी मामा सगळ्यांना कोट दाखवायला नेतो.

आधी तट दिसत नाही, खंदक दिसतो. रुंद, खोल, कडा ताशीव. पुलावरून माणसं, हमाल, बैलगाड्या आत जातायत. चर्चगेट, अपोलो आणि बाजारगेट असे तीन दरवाजे आहेत आणि तिन्ही सूर्य मावळला की बंद होतात. तट 1716 चा, पण खंदक नंतरचा. तुम्ही पुलाच्या मध्यावर वाकून खाली बघता आणि विचारता, एवढं कशाला खणलं?

मामा आबांकडे बघतो. आबा दुसरीकडे बघतात. मग आजीच सांगते.

"आपल्याला भिऊन."

हे खरं आहे, शब्दशः. 1739 मध्ये वसई पडल्याची बातमी आली तशी मुंबईची झोप उडाली. मराठे आता खाडी ओलांडणार असं सगळ्यांनी धरलं. कोटातल्या व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये वर्गणी काढली आणि खंदकाचं काम सुरू झालं. त्याच उन्हाळ्यात कॅप्टन इंचबर्ड तहाची बोलणी करायला चिमाजी आप्पांकडे वसईला गेला आणि कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे साताऱ्याला. मराठे आले नाहीत. खंदक मात्र खणत राहिले.

मुंबईचा इतिहास सांगताना आपण नेहमी कोटाच्या आतून बाहेर पाहतो असं मला वाटतं. गव्हर्नर काय म्हणाला, कंपनीने काय ठरवलं, गोऱ्या प्रवाशाने काय लिहिलं. खंदकाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहून, अंधेरीहून चालत आलेल्या पोराच्या नजरेने तो पाहिला तर सगळं चित्र फिरतं. ते पोर ज्याला भिऊन हे खणलं त्या राज्याचं आहे, आणि त्याचा मामा आत कामाला आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. उपनगरातल्या लाखो घरांचं या शहराशी जे नातं पुढे जुळलं, त्याची मुळं मला इथे दिसतात, आणि ती कोणी मुद्दाम दाखवत नाही याचं वाईट वाटतं.

आत चला. चर्चगेटातून गेलात की समोर मोकळं हिरवं मैदान, कडेने झाडं, झाडांपलीकडे इंग्रजांची घरं. घरं ठेंगणी आहेत, पुढेमागे अंगण, भिंतींना गुळगुळीत चुना. खिडक्यांकडे नीट बघा. काच नाही. शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी चौकटीत बसवलेत, त्यातून उजेड दुधासारखा गाळून येतो आणि ऊन बाहेर राहतं. धाकटा एका तुकड्याला बोट लावायला जातो तोच आतून कोणीतरी खाकरतं, आणि तो पळत येऊन आईच्या मागे दडतो.

एका बाजूला सेंट थॉमस चर्च, 1718 च्या नाताळात उघडलेलं. मामा सांगतो, त्या दिवशी रामा कामाठी आपल्या ज्ञातीच्या लोकांना घेऊन इथे हजर होता. हे नाव लक्षात ठेवा, रात्री पुन्हा येईल. पलीकडे किल्ला, त्यात गव्हर्नर क्रॉमेलिन यांचा कारभार. कोटाच्या उत्तर भागात बाजार: पारशी, वाणी, बोहरी, आर्मेनियन. 1709 मध्ये बांधलेली बनाजी लिमजींची अग्यारी याच कोटात आहे. आजी एका दुकानात लाल सकलादीच्या ताग्यावरून हात फिरवते. लोकर असूनही इतकी घट्ट आणि मऊ, समुद्रापलीकडून आलेली. भाव विचारत नाही. आई सुया घेते, आणि फार घासाघीस करून एक चिनी बशी, निळ्या नक्षीची. तीही गलबतातूनच आलेली.

याच गल्ल्यांत या दिवसांत एक जर्मन माणूस फिरतोय. कार्स्टन नीबूर त्याचं नाव. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात धाडलेल्या सहा जणांच्या मोहिमेतला तो आता एकटा उरलाय. शेवटचा सोबती, डॉक्टर क्रेमर, गेल्याच महिन्यात मुंबईत वारला. नीबूरला मोजायची सवय आहे. या बेटावर 1,40,000 माणसं आहेत, वीस वर्षांत दुप्पट झाली, असं तो नोंदवेल, आणि त्याचं कारण देईल की इथे ज्याला त्याला आपला धर्म पाळू देतात. तुमच्या आजीला हे वाचून दाखवलं असतं तर तिने मान डोलावली असती.

पण मामाला हे सगळं उरकायचंय, कारण दुपारची भरती गाठायचीय.

गोदी. यासाठीच आला होतात असं समजा. खडक खोदून केलेला प्रचंड हौद, तोंडाशी भक्कम लाकडी दार. पहिली गोदी 1750 ची, दुसरी 1762 ची, आणि शेजारी तिसरीचं खोदकाम चालू आहे, ती पुढच्या वर्षी पुरी होईल. एका टोकाला डोक्याला पगडी बांधलेला पारशी गृहस्थ उभा आहे. लोक त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणतात. लवजी नसरवानजी वाडिया. 1736 मध्ये सुरतेहून आला आणि इथलाच झाला.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला इथे भरती-ओहोटीत दोन-अडीच पुरुष पाण्याचा फरक पडतो. सगळी करामत त्या फरकावर चालते. मोठं जहाज आत घ्यायचं तर या दिवसांतली मोठी भरती लागते. दार उघडतात, पाणी आणि जहाज दोन्ही एकदमच आत येतात, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जातं, मग दार बंद. उरलेलं पाणी उपसलं की जहाज कोरड्या तळावर टेकवांच्या आधाराने उभं. आज एक जहाज बाहेर निघतंय आणि दुसऱ्याचं काम चालू आहे.

मामा तुम्हाला हाताला धरून पायऱ्यांनी खाली नेतो. वर उभं राहून जहाज पाहणं वेगळं, त्याच्या पोटाखाली उभं राहणं वेगळं. लाकूड डोक्यावरून वाकत वर जातं आणि आभाळ झाकतं. काही माणसं बुडाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडतायत, खाली खच पडलाय आणि खारट, कुबट वास सुटलाय. काही जण फळ्यांच्या फटींत मोगरीने धागा ठोकतायत, ठक ठक ठक, त्यावर राळ. मामा एका सांध्यावर तुमचं बोट ठेवतो. एका फळीच्या काठाला खाच, दुसरीच्या काठाला जीभ, दोन्ही एकमेकींत अशा बसवलेल्या की नखसुद्धा शिरत नाही. "साग आहे. विलायतेचं ओकाचं लाकूड यापुढे टिकत नाही," तो सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात बढाई नाही. खरंच टिकणार नाही. याच बंदरात 1817 मध्ये बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे.

तेवढ्यात वर आरडाओरडा होतो. पाणी भरलंय. पहिल्या गोदीचं दार उघडतं, दोरखंड ताणले जातात, शंभर घशांतून एकच आरोळी निघते आणि ते प्रचंड जहाज आधी हलतच नाही. मग हलतं. इतक्या सावकाश की धाकट्याला वाटतं, गोदीचा काठच मागे सरकतोय. आबा, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, ते पगडी काढून हातात धरतात.

परतताना मामा हळूच विषय काढतो. "दाजी, याला माझ्यापाशी ठेवा" असं म्हणतो. "हिला" म्हणायचा प्रश्नच येत नाही. तो कोणाबद्दल बोलतोय, ते तुम्ही या घरात मुलगा आहात की मुलगी यावर आहे, आणि या काळात हा फरक फार मोठा आहे. मुलगी असाल तर हे बोलणं धाकट्याबद्दल चाललंय आणि तुम्ही गप्प ऐकताय. आबा म्हणतात, "पाऊस होऊन जाऊ दे. लावणीला हात लागतात." नाही म्हणत नाहीत. आई चालता चालता मागे राहते. अशी बोलणी साष्टीतल्या किती घरांत झाली असतील. वीस वर्षांत माणसं दुप्पट झाली ती अशीच झाली.

संध्याकाळी वाळकेश्वर. उपवास आहे, सकाळपासून पोटात फक्त रताळं आणि नारळाचं पाणी. मलबारच्या टेकडीवरून झाडीतली वाट खाली उतरते आणि बाणगंगेचं पाणी एकदम समोर येतं, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर पणत्या, माणसांची दाटी. मुंबईतले आहेत, साष्टीतले आहेत, आंग्र्यांच्या मुलखातून होडीने आलेलेही आहेत. राज्यं तीन, तलाव एक. आजी कमरेइतक्या पाण्यात उतरते आणि बराच वेळ बाहेर येत नाही.

हे देऊळ पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलं होतं. 1715 मध्ये ज्याने ते पुन्हा बांधलं तो रामा कामाठी. कंपनीच्या देशी फौजेचा बडा माणूस, श्रीमंत, चर्चच्या उद्घाटनाला मानाने जाणारा. 1720 मध्ये त्याच्यावर ठपका आला की तो कान्होजी आंग्र्यांना फितूर आहे. साक्षीदाराचे हाल करून जबाब घेतला, पत्रं पुढे केली, मालमत्ता जप्त केली आणि त्याला कोठडीत टाकलं. 1728 मध्ये तो तिथेच मेला. पत्रं बनावट होती, ते मागाहून उघड झालं. पाण्याबाहेर येऊन आजी केस पिळते आणि एवढंच म्हणते, "देऊळ त्यानं बांधलं, म्हणून आम्ही पोर्तुगीजांच्या अमलातून चोरून येऊन इथे दिवा लावायचो. त्याला काही कोणी वाचवलं नाही." त्या झाडापाशी ती का थांबली होती, ते मात्र आजही सांगत नाही.

पहाटे, पाणी उतरलेलं असताना, ती तुम्हाला टेकडीच्या समुद्राकडल्या टोकाला नेते. आज त्या टोकावर राजभवन आहे. आत्ता तिथे लाटांनी झिजलेले काळे खडक आहेत आणि त्यात एक फट आहे, श्रीगुंडी. तिच्यातून आरपार निघालं की पापं धुतली जातात अशी श्रद्धा. कान्होजी आंग्रे शत्रूच्या या बेटावर गुपचूप येऊन यातून गेले होते असं लोक सांगतात. बारा वर्षांच्या माणसाची पापं ती किती, पण आजी ढकलते. खांदे आधी तिरके करा. दगड ओला, शेवाळलेला, छातीला थंडगार लागतो. मधे एक क्षण असा येतो की पुढेही जाता येत नाही आणि मागेही, आणि कानात फक्त समुद्र असतो. मग हात बाहेर, डोकं बाहेर, गुडघा सोलवटतो आणि तुम्ही उजेडात पडता. आबांचे खांदे रुंद, ते अडकतात. आई हसू दाबते.

परतीची वाट माहीमवरून नाही, शीववरून, कारण आत्या कुर्ल्याला दिलीय. परळला गव्हर्नरचा बागबंगला लागतो, एके काळी जेझुइटांचा मठ, कंपनीने काढून घेतलेला. मग माटुंग्याची झाडी, आणि संध्याकाळच्या ओहोटीला शीव. टेकडीवर किल्ला. त्याच्या खालच्या अंगाला, मिठी नदीच्या बाजूला, रिवाचा काळा बुरूज. गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या हुकमाने 1737 मध्ये बांधला, असं दगडावर कोरलंय. 1737 म्हणजे मराठ्यांनी ठाणं घेतलं ते साल. इथेही तोफा तिकडेच बघतायत.

खाडी ओसरलीय. मधल्या पाण्यापुरती होडी, बाकी चिखल तुडवायचा. आईने बशी पदरात गुंडाळून पोटाशी धरलीय. या चिखलात उभे असताना पुढचं थोडं सांगतो, कारण तुमच्या घरातल्या कोणाला ते माहीत नाही. दहा वर्षांनी, 1774 च्या डिसेंबरअखेर, इंग्रज ठाण्याचा किल्ला घेतील आणि साष्टी त्यांची होईल. 1782 च्या सालबाईच्या तहात त्यावर शिक्का बसेल. तुम्ही तेव्हा तिशीचे असाल. खाडी तीच राहील, सरहद्द मात्र पुसली जाईल. तरी अंधेरी मुंबईत धरायला 1950 उजाडेल, आणि मुलुंड-बोरिवलीला 1957.

कुर्ल्याच्या काठावर पेशव्यांची चौकी. कारकून मांडीवर फळी घेऊन मोडीत लिहितोय. भाषा आपली, रुपया आपला, तरी आबांचा चेहरा माहीमपेक्षा जास्त आवळलेला. परक्यापुढे अडाणी होता येतं, आपल्यापुढे येत नाही.

"काय आणलंत?"

"सुया आहेत. आणि एक बशी."

"दाखवा." तो बशी उलटीसुलटी करून पाहतो. जकात सांगतो. आबा म्हणतात, देवाला गेलो होतो, व्यापाराला नाही. तो म्हणतो, देवाला चिनी बशी लागत नाही. दोघंही आवाज चढवतात, मागे उभ्या असलेल्या लाकूडवाल्याची चुळबुळ सुरू होते. शेवटी निम्म्यावर तुटतं.

मग तो बोरू खाली ठेवतो आणि वेगळ्याच सुरात, तुमच्याकडे बघून विचारतो, "कोटात गेला होतात? खंदक केवढा रुंद आहे? आणि गोदीत जहाजं किती होती, लढाऊ किती?"

तुमच्या तोंडात उत्तर तयार आहे. दोन, एक बाहेर निघत होतं, आणि तिसरी गोदी खणतायत, आणि पाणी असं आत येतं आणि दार असं लागतं. सांगायला जीभ शिवशिवतेय. आजीचा हात तुमच्या खांद्यावर येतो, चांगला जड.

"पोर आहे," ती कारकुनाला म्हणते. "त्याचा मामा तिथे कामाला आहे. बाणगंगेचं पाणी आणलंय, घ्या थोडं."

कारकून आजीकडे बघतो, मग ओंजळ पुढे करतो. तिने दिलेलं तीर्थ पितो, ओला हात डोक्यावरून फिरवतो आणि लाकूडवाल्याला पुढे बोलावतो. आबा बशी आईकडे देतात. आत्याचं घर अजून अर्धा कोस आहे, आणि तिने पारण्याला तांदळाच्या भाकऱ्या करून ठेवल्या असतील. धाकटा पुढे पळत सुटलाय.